सात वेळा लावलेला अंगठा

त्या घटनेचा विषय निघाला की आजही माझे डोके तापते. निवृत्तीनंतर गणवेश कपाटात गेला, पण हा राग काही गेला नाही. जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. नावे कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा नवेगाव बांधच्या तलावाकडील पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. धानाच्या रोवणीचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली, स्टेशन डायरी पाहून सही केली आणि चहा पुढ्यात आला, तोच परराज्यातील पोलिसांचे पथक दारात उभे राहिले. एक उपनिरीक्षक आणि दोन शिपाई. ठाणे अंमलदाराने त्यांच्या येण्याची नोंद घेतली.

त्यांच्या शहरातील एका निवृत्त शिक्षिकेला फोन आला होता. बोलणारा स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवत होता, व्हिडिओवर गणवेशात दिसत होता. ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे, तुम्ही फोनवरच अटकेत आहात, कुणाशी बोलायचे नाही,’ असे धमकावून त्याने त्या बाईंना दोन दिवस घरातच डांबल्यासारखे ठेवले आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतली. ज्या नंबरवरून हा फोन गेला, तो माझ्या हद्दीतील एका बाईच्या नावावर निघाला.

“आरोपी महिला है सर. आपकी लेडी कॉन्स्टेबल साथ में दे दीजिए,” उपनिरीक्षक म्हणाला.

मी एक हवालदार आणि एक महिला शिपाई दिली. दुपारपर्यंत जीप परत आली.

जीपमधून उतरलेली बाई साठीच्या आसपासची होती. तिला बांधीतून, म्हणजे शेतातल्या चिखलातून, थेट आणले होते. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडला होता, लुगड्याचा काचा तसाच खोचलेला होता. आमच्याच एका शिपायाने तिला व्हरांड्यात जमिनीवर बसायला सांगितले. तिला खुर्ची द्यावी, निदान पाणी विचारावे, असे ठाण्यातल्या एकाही माणसाला सुचले नाही. मलाही नाही. हे मी मुद्दाम लिहितो.

“मले अठी कायले आनलं जी?” तिने विचारले. “मी काय केली?”

ती विधवा होती. गावात विहाराच्या मागे तिचे दोन खोल्यांचे घर. रोवणी, कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, यावर तिचे चालायचे. एकुलती मुलगी लग्न होऊन बोदलकसाकडे गेलेली. तिच्याजवळचा फोन साधा, बटणांचा, मागचे झाकण चिकटपट्टीने धरलेले. त्यावर स्वतःचा नंबर कोणता, हेही तिला सांगता येईना.

“दोनचं बटन दाबून धरलं का पोरीले लागते. तेवढंच येते मले,” ती म्हणाली.

हिने गणवेशातला अधिकारी उभा करून कुणाला व्हिडिओ कॉल केला असेल, हे लहान मुलालाही पटले नसते. उपनिरीक्षक मात्र कागदावर बोट ठेवून बसला होता. “आधार इनका, अंगूठा इनका, फोटो इनका. और क्या सबूत चाहिए सर?”

त्याच दुपारी तिला न्यायालयात उभे करून आपल्या राज्यात नेण्याची परवानगी मागायची, अशी त्याची तयारी होती. मी म्हटले, सिम घेताना भरलेला ग्राहक अर्ज दाखवा. त्याच्याकडे एकाच नंबरचा अर्ज होता, तोही धुरकट प्रत. मी विचारले, या बाईच्या आधारावर अजून किती नंबर आहेत ते पाहिले का? त्याने पाहिले नव्हते. शेकडो मैल प्रवास करून माणूस उचलायला आलेल्या पथकाने ही साधी माहिती मागवली नव्हती. आमचा आवाज चढला. त्याने त्याच्या वरिष्ठांना फोन लावला, मी माझ्या. शेवटी बाईला हजर राहण्याची नोटीस देऊन घरी सोडायचे ठरले. तिचा फोन मात्र मुद्देमाल म्हणून जप्त झाला.

“मंग पोरीसंग कशी बोलू?” एवढेच तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सायबर शाखेकडून माहिती आली. तिच्या नावावर सात नंबर होते. त्यातला एक तिच्या फोनमधला, बाकीचे सहा तिने कधी ऐकलेलेही नाहीत. मी सातही अर्ज टेबलावर ओळीने मांडले आणि महिला शिपायाला बोलावले. ती याच भागातली, शेतकऱ्याची मुलगी. मी तिला फक्त फोटो बघायला सांगितले.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “सर, सातही फोटोत मागं एकच निळी ताडपत्री आहे. आणि हा कोपरा बघा, सुकटीची टोपली. हा आपला आठवडी बाजार आहे.”

सातही अर्ज एकाच तारखेचे होते. पहिल्या आणि शेवटच्या अर्जात अर्ध्या तासाचेही अंतर नव्हते.

बाईला पुन्हा बोलावले. या वेळी खुर्ची दिली, चहा दिला. महिला शिपायाने तिच्याशी तिच्या बोलीत बोलायला सुरुवात केली. मी बाजूला बसून ऐकत होतो.

“मावशी, बाजारात कोनाच्या मशीनवर अंगठा लावली होती का?”

“हो ना. छत्री लावून एक बाबू बसला होता. सिम फुकट, वरून पिलास्टिकचा डबा. माया फोनचं सिम बंद पडून राहे, म्हनून घेतली.”

“कितीदा लावली अंगठा?”

“लय बारी. तो म्हने, अंगठा येऊन नाही राहिला मावशी, पुन्हा लाव. काम करू करू तुया अंगठा झिजला म्हने. मले खरं वाटलं. राशनच्या मशीनवर बी माया अंगठा येत नाही. आन दर बारीले डोरे मिचकाव म्हने, फोटो काढे. मी मिचकावू.”

“मशीनवर काही दिसे का?”

“वाचता नाही येत मले. हिरवं दिसे. दर बारीले हिरवंच.”

मी ती ओळ जबाबात तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितले. जबाब पूर्ण झाल्यावर लेखनिकाने शाईचा पॅड पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. “अगुदर वाचून दाखवा,” ती म्हणाली. लेखनिक माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, वाच. त्याने एकदा वाचले. तिने पुन्हा वाचायला लावले, आणि मगच अंगठा दिला.

सातही अर्जांवर विक्रेत्याचा सांकेतिक क्रमांक एकच होता. तो गोंदियाच्या कुडवा भागातील एका मोबाईल दुकानाचा निघाला. दुकान नीटनेटके, काचेची कपाटे, बाहेर दुचाक्यांची रांग. मालक तिशीतला, पदवीधर, कडक इस्त्रीचा शर्ट. पंचांसमक्ष अंगठ्याचे यंत्र, सिम नोंदवायचा फोन आणि विक्रीची वही जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणले. त्याला पाहताच आमच्या ठाणे अंमलदाराने खुर्ची पुढे सरकवली. सहज, न सांगता. त्या क्षणी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो आजही आठवतो. पण तो मी गिळला. चौकशीत राग दाखवणारा अधिकारी हातातले काम घालवून बसतो.

“उन्होंने खुद लिए होंगे साहब. घर में बहुत लोग रहते हैं इनके,” तो म्हणाला.

“घरात ती एकटीच असते.”

“फिर नेटवर्क का प्रॉब्लेम होगा. अंगूठा फेल हुआ तो बार-बार लेना पड़ता है. मेहनत-मजूरी वाले लोगों का निशान घिस जाता है.”

मी त्याला चहा दिला आणि मला यंत्रातले फारसे कळत नाही, जरा समजावून सांगा, असे म्हटले. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवातून सांगतो, हुशार माणसाला शिकवायला बसवले की तो गप्प राहूच शकत नाही. जप्त केलेले यंत्र त्याच्यासमोर ठेवले. अंगठा नाही जुळला तर पडद्यावर काय येते, जुळला तर काय येते, सगळे तो रंगून सांगू लागला.

“फेल हुआ तो लाल निशान आता है. ओके हुआ तो हरा.”

“नक्की?”

“सौ टका साहब. हरा आया मतलब सिम चालू.”

मी लेखनिकाला ते लिहायला सांगितले. मग बाईचा जबाब काढला आणि तिची ओळ वाचून दाखवली. ‘हिरवं दिसे. दर बारीले हिरवंच.’

तो पाणी मागू लागला. त्यानंतर बोलते करायला काहीच लागले नाही. बाहेरगावचा एक माणूस दर काही दिवसांनी येऊन चालू केलेली सिम पाकिटात घेऊन जात असे. बाजारात छत्री लावायची, वयस्क आणि निरक्षर माणसे हेरायची आणि एका माणसाच्या नावावर जमतील तितकी सिम चालू करायची, हा दुकानदाराचा धंदा. वहीत अशी कितीतरी नावे निघाली. नवऱ्याच्या मागे घर ओढणाऱ्या बाया, मासेमारी करणारे म्हातारे, जंगलातल्या गावांतले गोंडी बोलणारे लोक.

मी विचारले, “त्या बाईला पोलीस उचलून नेतील, हे तुझ्या डोक्यात आले नाही?”

तो म्हणाला, “साहब, इन लोगों को क्या फर्क पड़ता है.”

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण हे वाक्य त्या सगळ्यांपेक्षा जास्त लागले. जिचा अंगठा कष्ट करून झिजला, तो झिजलेपणाच त्याने तिला फसवायला वापरला होता, आणि वर तिला फरक पडत नाही म्हणत होता.

त्याच्यावर गुन्हा नोंदवला, पुढे काही महिन्यांनी दोषारोपपत्र गेले. सिम नेणारा मधला माणूस परराज्याच्या पथकाने पुढे पकडला. त्याच्या वरचे कोण होते, ते माझ्या माहितीप्रमाणे कधीच हाती लागले नाही. दुकानदाराला जामीन मिळाला. उपनिरीक्षक जाताना माझा हात हातात घेऊन ‘थैंक यू सर’ म्हणाला. बाईशी तो एक शब्दही बोलला नाही.

दुकानदार हाती लागला तेव्हाच मला वाटले होते, संपले. त्यानंतर आठवडाभराने बाई ठाण्यात आली. मुलगी सोबत होती. आईचा फोन लागत नाही म्हणून ती घाबरून धावत आली होती. न्यायालयाच्या आदेशाने फोन परत मिळायला वेळ लागेल, एवढेच मी सांगू शकलो. पण बाई फोनसाठी आली नव्हती.

“रोवणीले नाही बोलावत मले कोनी,” ती म्हणाली. “मुकादमीन म्हनते, तुया मागं पोलीस हाय. मले कागद द्या जी.”

“कसला कागद?”

“मी काही नाही केली म्हनून. शिक्का मारून द्या. तुमच्या गाडीत बसवून नेलं, ते अख्ख्या गावानं पाह्यलं. सोडलं ते कोनं पाह्यलं?”

मी कपाटातले नमुने आठवू लागलो. अटकेचा नमुना आहे, जप्तीचा आहे, हजर राहण्याच्या नोटिशीचा आहे. ‘आमची चूक झाली, या बाईचा काही दोष नाही’ असे लिहिलेला नमुना एकाही ठाण्यात नाही. मी साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, गोल शिक्का मारला. वरिष्ठांनी विचारले असते तर कोणत्या कलमाखाली दिला, हे मला सांगता आले नसते.

कागद वाचणार कोण, हा प्रश्न होताच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेश घालून त्याच जीपमधून तिला आणि महिला शिपायाला घेऊन त्याच बांधीवर गेलो. पंधरा-वीस बाया ओणव्या होऊन रोवत होत्या. जीप पाहून सगळ्या उभ्या राहिल्या. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून मोठ्याने सांगितले की हिला फसवले गेले, आम्ही हिला विनाकारण नेले, आणि खरा चोर हिच्याच जबाबामुळे सापडला. मग कुडव्याच्या दुकानदाराने काय केले तेही सांगितले.

मग एका बाईने विचारले, “साहेब, मी बी त्या छत्रीवाल्याकडून घेतली होती. मायावर किती हायत?”

मी तिथेच धुऱ्यावर बसून महिला शिपायाच्या फोनवर एकेकीची माहिती पाहायला सुरुवात केली. सरकारच्या संकेतस्थळावर आपला नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी टाकला की आपल्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत ते दिसते, आणि जो आपला नाही तो तिथेच कळवून बंद करता येतो. पाच मिनिटांचे काम आहे. त्या बांधीवर तिघींच्या नावावर परके नंबर निघाले. मधल्या वेळात मुकादमीन रांगेत जागा करून सरकली, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक पेंडी तिने आमच्या बाईकडे टाकली, आणि बाई काचा खोचून चिखलात उतरली.

आता कुणी व्याख्यानाला बोलावले की मी हेच सांगतो. पोलीस फोनवर कुणालाही अटक करत नाहीत, असा फोन आला की सरळ कापा. अंगठा लावण्याआधी पडद्यावर काय आले ते विचारा, वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत न्या. आधारवरच्या अंगठ्याला कुलूप लावण्याची सोय आहे, ती घरातल्या म्हाताऱ्यांसाठी वापरा. लोक वहीत उतरवून घेतात, बरे वाटते.

पण हे सगळे शहाणपण आपण त्या बाईलाच का सांगतो, हा प्रश्न मला सोडत नाही. सिम विकणाऱ्याला परवाना देणाऱ्याने पाहिले नाही, एका माणसाच्या नावावर अर्ध्या तासात सात सिम चालू होताना कंपनीच्या यंत्रणेला शंका आली नाही, पथकाने चौकशी केली नाही, मी खुर्ची दिली नाही. आणि सावध राहायचे कुणी, तर जिला वाचता येत नाही तिने. या केसने मला तपासातले फार काही नवे शिकवले नाही. एवढेच शिकवले की निर्दोष माणसाला नुसते सोडून देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्या लोकांसमोरून त्याला उचलले, त्याच लोकांसमोर त्याला नेऊन उभे करणे, हेही पोलिसाचे काम आहे. ते कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. लिहायला हवे.