राखणदाराचा पेला

आमच्या बागेत वाइन प्यायला येणारा पाहुणा आधी एकच प्रश्न विचारतो, "द्राक्षं कुठे आहेत?" देवगडच्या कातळावर द्राक्षं कुठली यायला! आमची वाइन काजूच्या बोंडूंची. शिमगा झाला की झाडांखाली लाल-पिवळा सडा पडतो, बागभर आंबूस-गोड वास सुटतो आणि आई सकाळीच टोपली घेऊन निघते. पिरगळून बी एकीकडे, बोंडू दुसरीकडे. बी विकायची. बोंडू गुरं खायची, नाहीतर कुजायचे. आणि त्याआधी, वडील होते तोवर, बोंडूंची दारू व्हायची.

वडिलांना त्या दारूनेच नेलं. ते गेल्यावर आईने दारूची मडकी फोडली आणि या घरात पुन्हा दारू येणार नाही, असं सगळ्यांना बजावलं. मुंबईची नोकरी सोडून मी वाइनचा घाट घातला तेव्हा हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पळवाट काढली. म्हटलं, "आई, वाइन म्हणजे दारू नव्हे. फळाचा मुरलेला रस तो."

"तुझो बापूस माका येडी समजायचो, आता तू समज," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. पुढे ती या विषयावर बोललीच नाही. तिच्या गप्प राहण्याला मी होकार धरला, कारण ते माझ्या सोयीचं होतं. बोंडू अजूनही तीच वेचते, पण वाइनच्या शेडची पायरी चढत नाही.

बागेच्या बांधावर एक दगड आहे, तो आमचा राखणदार. डोळ्यांना दिसत नाही, पण रात्री बाग फिरून चोराला चकवतो, अशी आमची श्रद्धा. हंगामाच्या सुरुवातीला त्याला विडी आणि दारूचा पेला द्यायची रीत आहे. वडिलांच्या अंगात एरवी भक्ती बेताचीच, पण ही रीत त्यांनी कधी चुकवली नाही. देवाला पेला, उरलेली बाटली प्रसाद.

यंदाची पहिली वाइन तयार झाली त्या दिवशी कुणकेश्वराचं दर्शन घेऊन काही पाहुणे आले होते. मला वाटलं, रीतही होईल आणि पाहुण्यांना गंमतही वाटेल. आई बाजाराला गेली होती. मी दगडावर पेलाभर वाइन ओतली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. "किती ऑथेंटिक!" एक बाई म्हणाल्या आणि मी फुशारलो.

संध्याकाळी आई दगडाशी फूल ठेवायला गेली, पण दगडाला आंबूस वास येत होता; फूल हातात घेऊन ती तशीच परत आली.

"तेका काय दिलंस?"

"वाइन. एकच पेला, आई."

"तुझो बापूस पण एकच म्हणायचो."

मग तिने सांगितलं. वडील गेल्यापासून दर हंगामाला ती राखणदाराला दारूऐवजी शहाळ्याचं पाणी देत आली होती. पहिल्या वर्षी तिने त्याला विनवलं होतं, की ह्या घराचो तू राखणदार, तर तू पण सोड. बागेत कधी चोरी झाली नाही, म्हणजे त्याने तिचं ऐकलं होतं. "सुटली होती रे तेची. तू परत लावलंस."

दुसऱ्या कुणाची आई असती तर मी हसलो असतो. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती शहाळं घेऊन निघाली आणि मला मागून यायला सांगितलं. देवाला गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा, अशी पद्धत. पुरुषांची वाट पाहायचं आईने केव्हाच सोडलंय. दुजोरा द्यायला मी एकटाच होतो.

"बा देवा म्हाराजा, इतकी वर्सा तू माझा ऐकलंस."

"व्हय म्हाराजा."

"घोवाची दारू सोडवूक माका जमला नाय. तुझी सुटली, तितक्यावर मी समाधान मानलंय."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझ्याच झिलान तुका परत पाजल्यान, म्हाराजा."

ती थांबली. मागे वळून पाहिलं नाही. शेडमध्ये पिंपं भरलेली होती, दुपारी नवे पाहुणे यायचे होते. मी बोलेपर्यंत ती हलणार नव्हती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.