मनगटावरचं रबरबँड

"गॅस बंद केलात?"

"केला," आतून नवरा म्हणाला.

"बघितलात?"

"अगं, बंद करताना डोळे मिटून करतो का मी?"

शंकाकाकूंनी चपला काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन बटणावर बोट ठेवून बघितलं आणि परत येऊन चपला घातल्या. गॅस बंदच होता.

"लग्नाच्या वेळी मी तोच मुलगा आहे का, हे तपासलं होतंस ना?"

"तपासलं होतं. तेव्हापासून अधूनमधून तपासतेय," असं म्हणत काकू जिना उतरल्या.

शंकाकाकू हे नाव त्यांना वर्गाने ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. कोणी ठेवलं, याबद्दल त्यांना संशय होता, एवढंच. बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात संगणक सांभाळणारी माणसं नेटवर्कचे बिघाड शोधायला त्यांच्याकडे शिकायला येत. काकूंची पद्धत न्यारी. वर्ग भरण्याआधी त्या स्वतःच्या हाताने बिघाड करून ठेवायच्या. कुठे तार अर्धवट उपसायची, कुठे एखादं बटण बंद करायचं. जितके बिघाड, तितकी रबरबँडं मनगटावर. बिघाड सापडला की एक उतरवायचं. संध्याकाळी हात मोकळा झाला की वर्ग सुटला.

आणि वर उपदेश ठरलेला : "माणसाला विचारू नका, तारेला विचारा. 'मी हात नाही लावला' असं जो म्हणतो, त्यानेच लावलेला असतो."

आज मनगटावर एकच रबरबँड होतं. संस्थेच्या प्रमुख, थोरल्या मॅडम, वर्गात बसणार होत्या. काकूंचा वर्ग चालू ठेवायचा, की बंद करून त्यांच्या सहायकाने चित्रित केलेले धडे दाखवायचे, याचा निकाल आजच लागायचा होता. हा सहायक इतका मिठ्ठास बोलायचा, की काकू त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणत. आणि नेमका तोच सकाळी यंत्रांच्या खोलीतून बाहेर पडताना दिसला. हात खिशात.

"आत काय काम होतं?"

"किल्ली विसरलो होतो, ताई. गाडीची."

"दाखव."

"मी काय तार आहे का, तपासायला?" तो हसला आणि शीळ घालत निघून गेला.

काकूंनी त्याचा खिसा मागून न्याहाळला. किल्ली शोधून आलेला माणूस शीळ घालतो होय?

वर्ग सुरू झाला. बँकवाल्याने बघता बघता उपसलेली तार शोधली, खटकन बसवली. काकूंनी ऐटीत रबरबँड काढून टेबलावर ठेवलं.

"झालं नेट चालू?"

"झालं."

"माझंही आलं... अरे, गेलं!"

"आता माझं गेलं."

"माझं येतंय-जातंय!"

मागच्या बाकावर थोरल्या मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

काकूंना दुसरं काही सुचलंच नाही. त्या तडक यंत्रांच्या खोलीत गेल्या. कपाट उघडलं, एकेक तार ओढून बघितली, एकेक दिवा निरखला. गोडबोल्याचा हात कुठे ना कुठे सापडणारच! पण सगळं जागच्या जागी. इतकं जागच्या जागी, की त्याचाही त्यांना संशय आला.

परत आल्या तर वर्गात चिडीचूप. नेहमी बिघाड न सापडता लोक एकमेकांवर ओरडायचे. आज प्रत्येक जण आपल्याच पडद्याकडे बघत होता आणि शेजाऱ्याने तो बघू नये म्हणून कोपर आडवं धरून बसला होता. काकू थबकल्या. हे चेहरे ओळखीचे होते. असाच एक चेहरा त्या रोज सकाळी आरशात बघत.

"कोणी काही बदललंय का?"

"नाही, काकू. म्हणजे, मॅडम."

"बिघाड एकच होता. रबरबँड एकच होतं ना?"

कारखानेवाला खाकरला. "आम्हाला वाटलं, आज थोरल्या मॅडम येणार म्हणून तुम्ही एक जास्तीचा लपवला असेल. रबरबँड न लावता."

"मी असं केलंय कधी?"

"केलं नाही हो. पण खात्री काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. काकू नाही हसल्या. मोकळं मनगट पुढे करून म्हणाल्या, "आज तारेला विचारत नाही, तुम्हाला विचारते. जे सांगाल ते खरं धरीन."

दवाखान्यातली हळूच उभी राहिली. "मी माझ्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता हाताने टाकला. आपोआप मिळालेला खरा कशावरून?"

"कोणता टाकलास?"

तिने सांगितला आणि काकूंनी कपाळाला हात लावला. वर्गातला प्रत्येक निरोप ज्या पेटीतून बाहेर जायचा, त्या पेटीचाच पत्ता तिने स्वतःच्या संगणकाला देऊन ठेवला होता.

"म्हणजे सगळ्यांचं टपाल माझ्या घरी?"

"हो. आणि तू दार उघडत नाहीस."

आता मात्र वर्ग खदखदून हसला. मग बँकवाल्याने धड असलेली एक तार 'खात्रीसाठी' बदलल्याचं कबूल केलं, कारखानेवाल्याने आणखी काही. एकेक चूक निस्तरली, आणि सगळे पडदे सुरू झाले ते सुरूच राहिले.

"हा बिघाड तुमच्या धड्यात आहे?" थोरल्या मॅडमनी दारात उभ्या असलेल्या सहायकाला विचारलं.

"नाही, मॅडम. यांच्याकडे शिकल्याशिवाय असा बिघाड व्हायचाच नाही," गोडबोल्या म्हणाला. "आणि चित्रफितीतला माणूस 'तू काय केलंस' असं विचारू शकत नाही. वर्ग ताईंकडेच राहू दे."

"राहील," मॅडम उठल्या. "पण बाई, पुढच्या वेळी आधी विचारा, मग कपाटं उघडा."

वर्ग रिकामा झाला. काकू गोडबोल्याकडे बघत राहिल्या. हा आपल्या बाजूने बोलला. का बोलला?

"सकाळी खिशात काय होतं रे?"

"सांगितलं ना, ताई. किल्ली."

'दाखव' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. काकूंनी तो गिळला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि टेबलावरचं रबरबँड उचलून त्यांनी पुन्हा मनगटावर चढवलं.

"हे कशाला आता? बिघाड तर सगळे सापडले."

"एक राहिलाय," काकू म्हणाल्या. "तुझ्यात आहे की माझ्यात, ते बघायचंय."