फॉरवर्डची पारख

"आधी पोरीची खुरं बघा साहेब, मग बोला."

खोपोलीच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाबाहेर माझे काका एका अनोळखी माणसाला हे सांगत होते, आणि ती पोरगी, म्हणजे मी, आत बुटांच्या नाड्या बांधत होते. जे जे धावतं ते बैलाच्या मापानं मोजता येतं, यावर माझ्या काकांइतका ठाम विश्वास कर्जत-खालापुरात दुसऱ्या कुणाचा नसेल. शर्यतीचे बैल सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला, आणि ती नजर त्यांनी गोठ्यात कधी काढून ठेवली नाही. ताईला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाआधी अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. "डावा जरा टाकतोय, पण चालंल," हा निकाल दिला. लग्न झालं, मूल झालं, तरी भाऊजी अजून काकांसमोर फार जपून चालतात.

मी कॉलेजात फॉरवर्ड म्हणून खेळायला लागले तेव्हा आमच्या भिसेगावच्या घरात सगळ्यांनी एकच विचारलं, हे किती दिवस चालणार? काकांनी विचारलं, "दम पुरतो का गं?" त्यानंतर एकही सामना त्यांनी चुकवला नाही. आम्ही जिंकलो की ते थेट कोर्टवर गुलाल उधळत, आणि मग आख्ख्या टीमला झाडू मारावा लागे. मुली कुरकुरल्या तर म्हणत, "जिकल्यावर गुलाल नाय तर काय पावडर उधळू?" एकदा आमच्या कोचनी मला दमले म्हणून बाहेर बसवलं, तर काका तरातरा त्यांच्यापाशी गेले. "शर्यत अर्ध्यात असताना बैल सोडतात काय रं?" मैत्रिणी हसायच्या. हसू देत. माझ्या दमाची चौकशी करणारा घरात दुसरा कुणी नव्हता.

तो अनोळखी माणूस मुंबईच्या एका व्यावसायिक संघाकडून आला होता. त्यांच्या शिबिरासाठी त्याला एक फॉरवर्ड हवी होती. सामना संपल्यावर तो आमच्या कोचना म्हणाला, "उडी छान आहे, जागा बरोबर पकडते. पण उंची कमी, आणि कोर्टवर तोंडच उघडत नाही. पुढे टिकेल असं वाटत नाही."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून पाणी पीत होते. सगळं ऐकू येत होतं. उत्तरही सुचत होतं, इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत. माझी उत्तरं नेहमी मनातच राहतात.

काकांचं तसं नव्हतं. ते मध्ये शिरले. "साहेब, हिला एकटीला नेऊ नका. ती पूर्वा हाय ना, हिला बॉल देणारी, तिला पण घ्या. दोघी एका जोडीच्या हायत. जोडी फोडली की चांगला बैल पण पळत नाय."

काकांच्या जगात याहून मोठी स्तुती नाही. जोडी जमणं हे बैलाचं भाग्य. पण साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे पूर्वा नसेल तर ही खेळू शकत नाही. घरचेच सांगतायत, मग प्रश्नच मिटला. आम्हाला एकच हवी आहे."

काकांना कळायला क्षणभर लागला. मग "तसं नाय वो," एवढंच ते म्हणाले. भर मैदानात दोन गावांना एकटे पुरून उरणारे माझे काका साहेबांकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग खाली सिमेंटकडे. पाठीला इतका बाक कधी आला त्यांच्या? रोज बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. साहेब बॅग उचलून वळले. काकांनी माझ्यासाठी मागितलं ते त्यांना ठाऊक असलेल्यातलं सगळ्यात चांगलं होतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटावी, हे मला सहन होईना.

"सर, थांबा," मी म्हणाले. "काका बरोबर बोलले. आमची जोडी आहे, म्हणून पूर्वाशी मला बोलावं लागत नाही. नव्या मुलींशी बोलेन. उंची आता वाढणार नाही, आणि तरीही आज रिंगवरून उसळलेले रिबाउंड कुणी घेतले ते तुम्ही पाहिलंय. मला शिबिराला बोलवा. नाही म्हणायचं असेल तर तिथे खेळवून म्हणा."