रानवाटेतलं एक मिनिट

आधीच सांगते, मी साऊंडवाली बाई आहे. कुठे गुणगुण आली की लोकांना भूत आठवतं, मला खराब अर्थिंग आठवतं. असल्या किश्शांवर मी आजवर हसतच आले… त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटते आहे.

नागपूरच्या बाहेर एका थीम पार्कमध्ये (नाव सांगत नाही, नोकरी तिथेच आहे) नवा भाग बांधायचं काम चालू होतं. रानवाट. सिमेंटचे वृक्ष, खरा वाटणारा ओढा, आणि मधे एक लांब गुहा, जिच्या शेवटी वाघ गुरगुरणार. तिथले सगळे आवाज माझ्याकडे होते. माझी आठ वर्षांची मुलगी चिमी तर ते उघडायची वाट बघत कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. तिने आधीच जाहीर करून टाकलं होतं — पहिल्यांदा गुहेत जाईन तर आबांचा हात धरूनच.

आबा म्हणजे माझे वडील. फॉरेस्ट गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांची एक सवय होती. झाडी दाट झाली की ते थांबायचे, खाकरायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "वाट दे गा मोठ्या, आमी घरचेच हाओ." मोठ्या म्हणजे वाघ. जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. आम्हा भावंडांना लहानपणी ते पाठच होतं.

चिमीला मात्र ते चिडवायचे, "सिमिटाचा वाघ तो! मले कायले भेव दाखवते वं?"

आणि मग आबांच्या छातीत दुखायला लागलं. धरमपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बायपास लवकर करा. आबा म्हणाले, नाही करायची. मी रडले, भांडले, नवऱ्याने समजावलं… पण हट्टी माणूस. "जेवढं जंगल पाहाचं होतं तेवढं पाहून झालं पोरी. आता कापाकापी कायले?" डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं की ऑपरेशनशिवाय ते फार दिवस काढणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेले, कारण घरी बसून काय करणार होते? आमच्या कामात एक रीत असते. स्पीकर लावायच्या आधी प्रत्येक जागेची शांतता रेकॉर्ड करायची. एक मिनिट, कोणी बोलायचं नाही. त्या जागेचा मूळ आवाज कळतो. जेवणाच्या सुट्टीत ठोकाठोकी थांबली, तेव्हा मी आणि माझा टेक्निशियन प्रशांत गुहेत माइक लावून बसलो. मिनिट झालं, माइक काढला. दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

नंतर कंटेनरमधल्या ऑफिसात ते ऐकायला बसलो. चाळीस सेकंद काही नाही. मग कोणीतरी खाकरलं…

"वाट दे गा मोठ्या. आमी घरचेच हाओ. नातीले घेऊन आलो."

आणि एका मुलीचं हसू. चिमीचं. आपल्या लेकीचं हसू आईला ओळखू येतं हो, त्यात साऊंडवाली असायची गरज नाही.

प्रशांतने हेडफोन काढले. "मॅडम, कोन बोलून राहिलं हे?"

मी परत एकदा ऐकलं. आवाज आबांचाच होता, फक्त जरा बसलेला, खरखरीत. आमचे स्पीकर अजून खोक्यातच होते. मी नवऱ्याला फोन लावला. तो दवाखान्यात होता. चिमी शाळेत होती, आणि आबा त्याच्या समोरच खाटेवर बसून वरणात मीठ नाही म्हणून नर्सशी वाद घालत होते.

संध्याकाळी रेकॉर्डर घेऊन मी दवाखान्यात गेले आणि हेडफोन आबांच्या कानाला लावले. त्यांनी एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले.

"हे मी कवा म्हटलं?"

"म्हटलं नाही, आबा. अजून."

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मग पुटपुटले, "आवाज काहून बसला हाय माहा?" आणि मग, "म्हंजे चिमीले घेऊन जाचं हाय तं. जा, डॉक्टरले बोलाव."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. आवाज बसलेला होता. खरखरीत. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनवेळी घशात घातलेल्या नळीमुळे होतं असं कधी कधी, काहींचा आवाज सुटायला वेळ लागतो.

पार्क लोकांसाठी उघडायच्या आधी एक दिवस स्टाफच्या घरच्यांना बोलावलं होतं. आबा काठी टेकत आले. आवाज अजून तसाच. गेटवरच मला बजावलं, "मी ते मुद्दाम म्हननार नाई. तुह्या टेपाची गुलामी नाई करत मी."

मी म्हटलं, नका म्हणू. मी मागे दोन पावलांवर चालत होते. चिमी बडबड करत होती. गुहेतल्या काळोख्या वळणावर ती एकदम गप्प झाली आणि आबांना बिलगली. आबा थांबले. खाकरले. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली… शब्द न् शब्द तोच, 'नातीले घेऊन आलो' सकट. चिमी हसली, तसंच.

मी तिथेच रडायला लागले.

रेकॉर्डिंग आजही माझ्याकडे आहे. या धंद्यातल्या दोन जाणकारांना ऐकवलं, जोडतोड सापडली नाही.

त्या दिवशी बाहेर आल्यावर आबा बाकावर टेकले, दम घेतला आणि म्हणाले, "त्या टेपात पुढं काय हाय वं?"

"काही नाही आबा. एकच मिनिट आहे ते."

"मंग जाय," चिमीच्या हातातलं अर्धं आइस्क्रीम घेत ते म्हणाले, "आनखी एक मिनिट घेऊन ये."