काकूचं जाकीट

काकूने माझ्यासाठी हाताने शिवलेलं जाकीट मी न बघता दुसऱ्याच बाईच्या ओटीत घातलं.

आणि काकूला सांगितलं, एकदम मस्त बसलं.

आज काकूचं वर्षश्राद्ध झालं. ते जाकीट आज तिच्याच पेटीत सापडलं.

दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. कुणाला काही कळलं तर सांगा.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती, वडगाव रासाईची. मी दौंडला शाळेत शिकवते. भीमा ओलांडली की तिचं घर.

आपल्याकडे ओटीतल्या ब्लाऊजपीसचं काय होतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको. तुमच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिसरीकडे. शिवत कुणीच नाही, नुसते फिरवायचे.

काकू शिवायची.

"फिरवायला ती काय यष्टी हाय का? कापड हाय, शिवा की," म्हणायची.

पिशव्या, उशीचे अभ्रे, आप्पांना बंड्या. (आप्पा म्हणजे तिचे मिस्टर, माझे चुलते.) स्वतःच्या ब्लाऊजला एक बाही पोपटी, दुसरी राणी कलर. मांडवगणच्या बाजारात बायका वळून वळून बघायच्या. आम्हाला लाज वाटायची, हिला काही नाही. क्लास वगैरे भानगड नव्हती. जुना कपडा उसवून बघायची आणि तसाच नवा शिवायची.

तर मे महिन्याच्या सुट्टीत गेले होते. निघताना तिने ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घातलेला हिरवा पीस.

जरा जाड लागला. मला वाटलं, अस्तरासकट दिलाय.

घरी आल्यावर तो कपाटातल्या गठ्ठ्यावर गेला. पाहुण्या आल्या, गेल्या. हाताला लागेल तो पीस मी काढून देत होते.

जूनमध्ये काकूचा फोन.

"जाकीट बसलं का गं, सुमे?"

कुठलं जाकीट, असं विचारणारच होते. तेवढ्यात तो जाड हिरवा पीस आठवला. पीस नव्हताच तो. कुणाच्या ओटीत घातला, काही केल्या आठवेना. आणि ओटीत घातलेलं परत कुठल्या तोंडाने मागणार?

"एकदम मस्त बसलं काकू."

"व्हय? बरं झालं बाई. आंदाजानंच बेतलं हुतं."

पुढे भाऊबीजेला गेले, तेव्हा परत विचारलं तिने. "घालतीस का जाकीट?"

मी काय कमी आहे का! म्हटलं, "अगं, स्टाफरूममध्ये सगळ्या मागे लागल्यात, कुठून घेतलं म्हणून."

"व्हय? कुठला रंग आवडला त्यान्ला?"

"सगळेच."

तिने चहा दिला, सोबत चकली दिली. विषय संपला.

माघात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेली.

वर्षभर तिच्या पेटीला कुणी हात लावला नव्हता. आज पंगती उठल्यावर वहिनीने, म्हणजे काकूच्या सुनेने, साड्या वाटायला पेटी उघडली. तळाशी प्लॅस्टिकचं पाकीट. वर हिरवं कापड.

"हे कुठून आलं?" मी पाकीट उचलून विचारलं.

"हे व्हय? त्या साली श्रावणात आत्या केंदूरला गेल्या हुत्या ना, तिथं कुणीतरी ओटीत घातलं." वहिनी सासूला आत्या म्हणते.

श्रावणात. म्हणजे भाऊबीजेच्या आधी. मी स्टाफरूमचं पुराण सांगत होते, तेव्हा जाकीट त्याच खोलीत होतं.

"काय म्हणाली गं काकू?"

"लय हसल्या. पार डोळ्यातनं पाणी येस्तवर."

शेजारीच बसलेले आप्पा म्हणाले, "कुठं हसली? त्या दिशी जेवलीबी न्हाई ती."

"न्हाई आप्पा, हसल्या हुत्या."

"मी हुतो की घरात!"

दोघांची जुंपली. एकच घर, एकच दिवस. मी कुणाचं खरं धरू?

मग मी जाकीट उलगडलं. आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. किती घरचे तुकडे होते त्यात, देव जाणे. आतून एक खिसा, मोबाईल बसेल एवढा. खिशाचं कापड जांभळं, सोनेरी बुट्ट्यांचं.

हा पीस मी ओळखते. त्या भाऊबीजेला निघताना मीच तिला दिला होता. (तोही फिरवलेलाच. कबूल.)

म्हणजे माझी थाप ऐकून घेतल्यावर ती बसली आणि तिने माझ्या जाकिटाला खिसा लावला.

राग आला होता तर खिसा कशाला? राग नव्हता तर जाकीट हातात का दिलं नाही? एका शब्दाने बोलली का नाही?

आप्पांना विचारलं.

"मला काय ठावं, बाय. दिवाळीनंतर शिवत बसली हुती. म्हणलं, कुणाचं? तर म्हणली, सुमीचं हाय. ती मागंल तवा दिईन."

मागेन तेव्हा? की खरं बोलेन तेव्हा? की गंमत बघत होती माझी? आप्पांना हल्ली ऐकूही नीट येत नाही. तिने नक्की काय म्हटलं, कुणास ठाऊक.

संध्याकाळी निघताना मी म्हटलं, "आप्पा, माझं जाकीट द्या."

त्यांनी दिलं. मी तिथेच रडायला लागले. वहिनीला वाटलं, आठवण आली म्हणून.

काकू, चुकून दिलं गं. पाकीट उघडलंच नव्हतं मी.

एवढंच सांगायचं होतं. तू असताना तोंडातून निघालं नाही. आता सांगतेय तेही फेसबुकवर, आणि तुझ्याकडे तर साधा बटणाचा फोन होता.

तुझ्या पायावर डोकं ठेवते, काकू. सुखात राहा.