शेजारची तहानलेली झाडं

उन्हाळा सरत आला की डीमन या डच गावातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात गांजाच्या झाडांचा उग्र वास भरतो आणि मला आईची इथली ती पहिली खेप आठवते. आमच्या बाल्कनीला लागूनच शेजारच्या आजोबांची बाल्कनी, तिच्यात गांजाची तीन झाडं. इथे त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण आईला मी ‘कसलीतरी औषधी झाडं’ एवढंच सांगितलं होतं. एका सकाळी आजोबा दारात आले. कुंड्या ओल्या कशा, त्यांनी शांतपणे विचारलं. कापणीच्या आधी ते झाडांना मुद्दाम तहानलेलं ठेवत. त्याने माल कडक निघतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मागे आई तांब्या घेऊन उभी. “अरे, माना टाकल्या होत्या रे त्यांनी. तुळशीला घालून उरलेलं घालते रोज.” माझा तोलच सुटला. “तुला कोणी सांगितले होते नसते उद्योग?” मी परक्या माणसासमोर तिच्यावर ओरडलो. मराठी न कळूनही आजोबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “झाडं पुढच्या वर्षीही येतील,” ते इंग्रजीत म्हणाले, “आईशी असं बोलू नका.”  दुसऱ्या सकाळी आई आमच्याच तुळशीपुढे तांब्या धरून थांबली होती. “हिला घालू ना रे?” पुण्याला परत जाईपर्यंत ती रोज विचारायची, आणि मी, आज लिहितानाही मान खाली जाते, रोज नुसतं ‘घाल’ म्हणायचो.