मुंगळ्यांच्या राणीचे मास्तर

आमच्या मास्तरांच्या घरी माणसांपेक्षा मुंगळ्यांची बडदास्त जास्त, असं सगळं परंडा म्हणायचं. खिडकीत गोळ्या-बिस्किटांची काचेची बरणी, तिच्यात माती, वरून काळं फडकं, आणि आत मुंगळ्यांची राणी. मास्तर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. विलीनीकरणानंतर आम्हाला शास्त्र मराठीतून शिकवायचे. अडलं की उर्दूत शिरायचे आणि हसत परत यायचे.

धडा त्यांचा आवडता. "राणी अन् कामकरी, एकाच आईच्या लेकी. खून, म्हंजे रगत, एकच. अळी असताना जिला चांगलं खायला मिळतं, ती राणी होते. आता इतकी अंडी घालून ती आधी थकायला पाहिजे का न्हाय? पन तीच लई जगते."

ही बातमी गावात गेली आणि गंमत झाली. मुंगळ्यांना साखर घालणं पुण्याचं, हे ठाऊकच होतं. त्यात ही तर लेकुरवाळी राणी. मूल नसलेल्या बाया पदराखाली साखर घेऊन मास्तरांच्या दारात येऊ लागल्या. मास्तर कपाळाला हात लावायचे. त्यांची बायको, आमची चाची, मात्र त्याच साखरेचा चहा करून बायांपुढं ठेवायची. पिणाऱ्या प्यायच्या.

चाची स्वतः बाळंतपणांनी खंगली होती. मास्तर आडाचं पाणी स्वतः आणत, तिला समोर बसवून दूध पाजत. लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "हसू द्या. खाण्यानं राणी होते, तर हिला ताकद का न्हाय येनार?"

पुढच्या बाळंतपणात चाची गेली. त्या वर्षी मास्तरांनी तो धडा घेतलाच नाही. वर्गात त्यांच्याकडं बघवायचं नाही.

मी पुढं प्राणिशास्त्र शिकले, शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना भेटायला येडशीला, त्यांच्या मुलीकडं गेले. मास्तर फार थकले होते. मी हौसेनं सांगू लागले, राणीची आणि कामकरणीची जनुकं सारखीच असतात. खाण्यावरून वेगवेगळी जागी होतात. राणीत शरीराची झीज भरून काढणारी जागी राहतात.

"अन् बाईमानसात?"

"माणसांत तसं होत नाही, मास्तर. लहानपणापासून दूध पाजलं तरी कुणी अशी राणी होत नाही."



"मला वाटायचं, बेटी, मी दूध उशिरा चालू केलं म्हणून ती गेली."

"नाही हो, मास्तर."

तेव्हा कुठं ते चाचीसाठी मोकळेपणानं रडले.